निरोगी टेबल

टेबलाला हृदयविकार असल्याचं कंप्युटरने जाहीर केलं, तो बुधवार होता. सकाळचे अकरा वाजले होते.

मी ईसीजीच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. पेशंटच्या छातीवर धरायची काळी चकती समोर टेबलावर पालथी पडली होती. बशी उचलताना माझं कोपर कीबोर्डला लागलं आणि कंप्युटर कामाला लागला. त्याला थांबवायचं कसं ते मला माहीत होतं, पण चहा गरम होता. वीस सेकंद त्याने टेबल ऐकलं, थोडा विचार केला आणि प्रिंटरमधून कागद बाहेर आला : ‘झडपेत दोष संभवतो. तज्ज्ञांना दाखवावे.’

तेवढ्यात डॉक्टर पाटणकरबाई आत आल्या. आमच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. गळ्यात स्टेथोस्कोप, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तोंडावर कायम आत्ताच कुणाला तरी रागावून आल्याचा भाव. त्यांनी कागद उचलला.

“कोणाचा हा? नाव नाही घातलं?”

“टेबलाचा आहे, बाई.”

“वय?”

“असेल तीसेक वर्षांचं. सागवानी आहे.”

बाईंनी कागद परत ठेवला. “मग सुताराला दाखव. आपल्याकडे दुसरे तज्ज्ञ नाहीत.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि तुझ्या वहिनीला मिरजेला पाठव म्हणून मी आणखी किती वेळा सांगायचं?”

“तिचा कागद निरोगी आलाय, बाई.”

“टेबलाचा काय आलाय?” असं म्हणून त्या गेल्या. मी उरलेला चहा प्यालो. तो गार झाला होता.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आमचं गाव मागांचं. घरात, बोळात, देवळाच्या पाठीला, जिथे चार भिंती आणि वर पत्रा असेल तिथे माग. दिवसरात्र खटाखट चालू, फक्त शुक्रवारी सुट्टी. आमच्याकडे दोन माणसं प्रेमाने बोलत असली तरी परगावच्या माणसाला भांडण वाटतं, कारण आम्ही सगळे वरच्या पट्टीत बोलतो. ट्रस्टचा दवाखाना मुरगुडेशेठनी बांधला तोही त्यांच्या अठ्ठेचाळीस मागांच्या शेडला भिंत लावून, म्हणजे एक भिंत वाचली.

त्या दवाखान्यात मी ईसीजी काढायचो. सहा वर्षं हंगामी. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवीन ऑर्डर द्यायचे. हंगामी माणसाला मुलगी कोण देणार? तीन ठिकाणी कांदेपोहे खाऊन झाले होते, आणि तिन्ही ठिकाणी शेवटी एकच प्रश्न आला होता : “कायम कधी होणार?”

मग आले बिडकर सर. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. बारीक अंगाचे, सरळ मनाचे, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवणारे. हृदयाच्या झडपा नीट उघडत-मिटत नसल्या की ठोक्यांच्या मध्ये घरघर ऐकू येते. ती ओळखणारे कान तालुक्यात एक-दोन, तेही म्हातारे होत चाललेले. सरांना कंप्युटरला हे शिकवायचं होतं. शेठना कल्पना आवडली, कारण असा कंप्युटर कोल्हापुरातसुद्धा नव्हता. पेशंटचे आवाज रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे आलं.

“शिकवायचं म्हणजे काय, सर?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“लहान मुलाला शिकवतो तसं. ही गाय, ही म्हैस. दीडशे गाई दाखवायच्या, दीडशे म्हशी दाखवायच्या. पुढची त्याने ओळखायची.”

“गाय कशावरून ते सांगायचं नाही?”

“तीच तर गंमत आहे, भूपाल. ते त्याचं त्याने शोधायचं.” सरांनी माझं बटण धरलं होतं.

आजारी माणसं मिळायला अडचण नव्हती. सोमवार ते गुरुवार हृदयरोगाची ओपीडी असायची, तिथून मी दीडशे रेकॉर्डिंगं सहज जमवली. निरोगी माणसं आणायची कुठून? निरोगी माणूस मागावर उभा असतो, त्याला दवाखान्यात यायला सवड नसते. तेव्हा तोडगा मीच काढला. म्हटलं, सर, शुक्रवारी कामगार रिकामे असतात, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका रिकाम्या असतात, त्यांना शुक्रवारी बोलावू. सर खूश झाले. पाच शुक्रवारांत मी दीडशे निरोगी माणसं उभी केली. “तुझ्यासारखा व्यवस्थापक मला कॉलेजात मिळत नाही,” सर म्हणाले. हे वाक्य मी घरी तीन वेळा सांगितलं.

कंप्युटर शिकला. सरांनी बाजूला काढून ठेवलेल्या साठ रेकॉर्डिंगांपैकी अठ्ठावन्न त्याने बरोबर ओळखली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेढे वाटले आणि पाटणकरबाईंना द्यायला स्वतः गेले. बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, “राहिलेली दोन माणसं कुठली?” सरांना तो विनोद वाटला.

मग दर शुक्रवारी मोफत तपासणी शिबिर सुरू झालं. आलेला प्रत्येक माणूस निरोगी निघायचा. गावाला आपल्या तब्येतीचा अभिमान वाटू लागला.

माझी वहिनी, रत्नमाला, अशाच एका शुक्रवारी आली होती. आईवडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. दादाने आणि तिनेच मला शिकवलं, माझ्या डब्यात रोज वेगळी भाजी घातली. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि आता पाचवा महिना लागला होता. लहानपणी तिला सांधेताप येऊन गेला होता. चार पायऱ्या चढली की ती आता कठड्याला धरून उभी राहायची. पाटणकरबाईंनी स्टेथोस्कोप लावून तिला सरळ सांगितलं होतं की झडप अरुंद झालेली दिसते, बाळंतपण अंगावर बेतेल, मिरजेला जाऊन एको काढ.

वहिनीला मिरजेची भीती वाटायची नाही. एको काढल्यावर ते मूल पाडायला सांगतील, ही भीती तिच्या मनात बसली होती. म्हणून शिबिरात जेव्हा माझ्या कंप्युटरने ‘हृदय निरोगी आहे’ असा कागद दिला, तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. दादाने गल्लीत साखर वाटली. तो कागद मीच लॅमिनेट करून आणला होता.

तर बुधवारी टेबल आजारी निघालं. बाई गेल्यावर मी चकती खुर्चीला लावली. दोष. भिंतीला लावली. दोष. जेवणाचा डबा, कॅलेंडर, सॅनिटरी इन्स्पेक्टरने ठेवून दिलेली फिनेलची बाटली, सगळ्यांना दोष. शेवटी स्वतःच्या छातीला लावली. दोष. घाईने सरांना फोन केला.

सर हसले. “अरे, त्याला माणसाचं हृदय शिकवलंय. टेबल ऐकवलंस तर ते बिचारं काय सांगणार?”

“पण मलाही दोष सांगतंय, सर.”

“ताण घेऊ नकोस. पुढच्या बुधवारी कंप्युटरचं उद्घाटन आहे. पाहुणे येणार आहेत, शेठ स्वतःची तपासणी करून घेणार आहेत. आणि तुझ्या कायमच्या ऑर्डरचं मी शेठशी बोललोय. त्याच व्यासपीठावर देतील.”

माझा जीव भांड्यात पडला आणि मी टेबल विसरलो. निदान तसा प्रयत्न केला.

शुक्रवारी शिबिर चारला संपलं. शहाण्णव माणसं, शहाण्णव निरोगी. सगळे गेल्यावर राहवेना, म्हणून मी चकती टेबलावर ठेवली. ‘हृदय निरोगी आहे.’ पुन्हा ठेवली. निरोगी. खुर्ची निरोगी, भिंत निरोगी, फिनेल निरोगी. दोन दिवसांत अख्खी खोली ठणठणीत बरी झाली होती. मी दहा कागद काढले आणि एकाखाली एक लावून बघत बसलो.

अकरावा कागद निघायच्या आधी भिंतीपलीकडे शेडच्या जॉबरने, म्हणजे मिस्त्रीने, दुरुस्त केलेल्या मागांची एक ओळ चालवून बघायला घेतली. पाचेक मिनिटं असेल. प्रिंटर खरखरला. ‘झडपेत दोष संभवतो.’

तेव्हा मला माग ऐकू आले. मागांच्या गावात जन्मलो, वाढलो, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला ते ऐकू आले. खट-खट, खट-खट, भिंतीतून, टेबलातून, माझ्या पायांखालच्या फरशीतून. जॉबरने ओळ बंद केली. मी चकती ठेवली. निरोगी.

मी आजारी माणसं माग चालू असताना आणली होती आणि निरोगी माणसं माग बंद असताना. त्याचं त्याने शोधायचं होतं, आणि त्याने शोधलं होतं. आम्ही कुणीही ऐकत नव्हतो ते त्याने ऐकलं होतं. त्याला झडप काय ते ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त शुक्रवार ओळखता येत होता.

लगेच दुसरा विचार आला तो वहिनीचा. तिचा कागद आणि टेबलाचा कागद यांच्यात फरक एवढाच होता की तिचा लॅमिनेट केलेला होता. हा विचार मला त्याच दिवशी, त्याच खोलीत, संध्याकाळी पाचच्या सुमारास आला. नंतर मी कुणाला काहीही सांगितलं असेल, पण तो तेव्हाच आला.

तिसराही विचार आला. बुधवारी उद्घाटन आहे आणि बुधवारी माग चालू असतात.

शनिवारी सकाळी मी कॉलेजात जाऊन सरांना भेटलो. मनात होतं की सांगून टाकावं. सर निमंत्रणपत्रिकेची प्रुफं तपासत होते.

“सर,” मी म्हणालो, “उद्घाटन बुधवारऐवजी शुक्रवारी ठेवलं तर?”

“का रे?”

“शुक्रवारी कामगार येतील. गर्दी दिसेल. शेठनाही शेड सोडून यावं लागणार नाही.”

सरांनी माझं बटण धरलं. “भूपाल, तू नसतास तर माझं काय झालं असतं?” त्यांनी प्रुफावर तारीख बदलली. मी बस पकडून परत आलो.

आपण अगदीच काही केलं नाही असं नको, म्हणून त्याच दुपारी मी वहिनीशी बोललो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. सुपावर वाकलेली असतानाही तिचा श्वास मला ऐकू येत होता. एकदा ऐकायला लागलं की सगळंच ऐकू येतं.

“वहिनी, एकदा मिरजेला जाऊन या की.”

“कशाला?”

“बाई म्हणतायत म्हणून.”

“बाई धा वर्सं झाली हेच म्हंत्यात सगळ्यांस्नी. तुमचा कंप्युटर काय म्हणाला? निरोगी. काय कमी हाय त्यात?”

“कमी काही न्हाई. पण मशीन हाय, चुकतंय कधी कधी.”

तिने निवडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. “चुकलंय व्हय?”

मी म्हणालो, “न्हाई. मी आपलं म्हणतोय.”

“मग असं अभद्र कशाला बोलताय, भावजी? आट वर्सांनी पदरात पडतंय. एको काढला की ते दुसरंच काय तरी काढत्यात.” ती पुन्हा सुपाकडे वळली. “चा ठेवू का?”

मी हो म्हणालो. चहा पिताना मी स्वतःची समजूत घातली : आपण सांगितलं, तिने ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगू, नीट सांगू. सात दिवसांत काय होतंय. पाच महिने गेले, सात दिवस जाणार नाहीत का? माणूस स्वतःशी बोलतो तेव्हा फार गोड बोलतो.

ते सात दिवस मी फार काम केलं. खुर्च्या मोजल्या, हारांची ऑर्डर दिली, शेठच्या छातीवरचे केस चकतीच्या आड येऊ नयेत म्हणून त्यांना आधी निरोप पाठवला. घरी वहिनी रात्री आडवी झाली की तिला गुदमरायचं, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसून झोपायची. दादा म्हणायचा, “पोटात पोरगं असलं की असंच असतंय.” मी त्याला दुजोरा द्यायचो.

शुक्रवारचं उद्घाटन देखणं झालं. शेठ व्यासपीठावर शर्ट काढून बसले. गावाने त्यांना पहिल्यांदाच तसं पाहिलं. दवाखान्याचं सभागृह चिडीचूप होतं, भिंतीपलीकडची शेड चिडीचूप होती. ‘हृदय निरोगी आहे.’ टाळ्या. मग पाहुणे, निरोगी. नगरसेवक, निरोगी, त्यांना तर दोन वेळा ॲटॅक येऊन गेला होता, ते जरा गोंधळले, पण टाळ्या वाजत असताना कोण बोलणार. पाटणकरबाई दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. शेवटी शेठनी मला बोलावलं, पाकीट दिलं आणि खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. पाकिटात माझी कायमची ऑर्डर होती. फोटोत मी हसतोय. चांगला आलाय फोटो.

शनिवारी सकाळी मी दादाला आणि वहिनीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

“काय दाखवणार हायस?” दादाने वाटेत दोनदा विचारलं.

“चला तर,” मी म्हणालो.

ईसीजीची खोली वरच्या मजल्यावर होती. वहिनी तीन ठिकाणी थांबली. वर आल्यावर तिला स्टुलावर बसवलं आणि चकती टेबलावर ठेवली. कागद आला, तो दादाने मोठ्याने वाचला.

“कुणाला दोष हाय?”

“टेबलाला.”

मग मी त्यांना आधीचे दहा कागद दाखवले, ज्यांत टेबल निरोगी होतं. भिंतीकडे बोट दाखवलं. “ऐका,” म्हणालो. दोघांनीही ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. मी दादाचा हात धरून भिंतीला लावला. भिंत थरथरत होती. दादा जन्मभर मागावर उभा राहिलेला माणूस; त्याला मग समजावून सांगावं लागलं नाही.

वहिनीला आधी हसू आलं. टेबलाला रोग, फिनेलला रोग, म्हणत ती पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. ती धाप थांबेना. आम्ही दोघे नुसते उभे होतो. कधीतरी थांबली.

“म्हंजे माझा कागद...” ती म्हणाली.

“शुक्रवारचा हाय.”

“म्हंजे मला रोग हाय?”

“ते ह्याला कळतच न्हाई, वहिनी. बाईंना कळतंय. मिरजेला कळंल.”

“आनि पोरगं?”

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाला, “तुला हे कधी कळलं?”

“काल,” मी म्हणालो. “काल नगरसेवकांना निरोगी म्हणालं, तेव्हा शंका आली.”

“बरं झालं बाबा, लगेच सांगितलंस.”

पाटणकरबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. रविवारी एको बंद असतो, म्हणून सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचं ठरलं. चिठ्ठी देताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

सोमवार आला नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वहिनी भांडी घेऊन उठली आणि तशीच खाली बसली. तिच्या तोंडाला गुलाबी फेस आला. शेजारच्यांच्या जीपमध्ये तिला दादाने मांडीवर घेतलं आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. मागे वळून बघायचं धाडस मला मिरज येईपर्यंत झालं नाही. मी इतका घाबरलो होतो की ड्रायव्हरला “सावकाश चालवा” आणि “जोरात चालवा” हे दोन्ही एका दमात सांगत होतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने झडप उघडली. वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

तरणा डॉक्टर होता, सहा महिने हसला नसेल असा. कॉरिडॉरमध्ये त्याने मला विचारलं, “आधी कुणी ऐकलं नव्हतं का हिचं हृदय? आवाज तर दारातून ऐकू येईल असा आहे.”

“ऐकलं होतं,” मी म्हणालो.

“आठवडाभर आधी आणलं असतं, तर दोघांना घरी पाठवलं असतं आम्ही. पाचव्या महिन्यात करता येतं हे. मूल पाडावं लागत नाही.” एवढं बोलून तो पुढच्या पेशंटकडे गेला. मी तिथल्या बाकावर बसलो. उठायचं कसं ते बराच वेळ आठवेना.

मंगळवारी मी बिडकर सरांना फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे मागांबद्दल सगळं. मग सर म्हणाले, “चूक माझी आहे, भूपाल. तू तर रेकॉर्डिंग करणारा माणूस.” त्यांनी तीनशेच्या तीनशे रेकॉर्डिंगं पुसली, शेठकडे जाऊन स्वतःहून कबूल केलं, शिव्या खाल्ल्या, आणि पुढे गावाबाहेर एक खोली घेऊन कान देऊन, मन लावून सगळं नव्याने केलं. माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. माझी ऑर्डर कायम राहिली. पुढच्या वर्षी लग्नही झालं.

पण वॉर्डातला चौथा दिवस सांगायचा राहिला. दादा शहाळं आणायला खाली गेला होता. वहिनी उताणी झोपली होती, उशीशिवाय, सपाट. कित्येक महिन्यांनी तिला तसं झोपता येत होतं. मला वाटलं, डोळा लागलाय.

“भावजी,” ती डोळे न उघडता म्हणाली, “तुमाला ते कधी कळलं?”

“सांगितलं की. शुक्रवारी.”

“खरं सांगा.”

वॉर्डात बारा खाटा होत्या. कुणाचा तरी नातेवाईक संत्रं सोलत होता. मी म्हणालो, “त्याच्या आधीच्या शुक्रवारी.”

तिने पांघरुणाबाहेर हात काढला आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजलं. सावकाश मोजलं. माझं ते एक मिनिट आजही संपलेलं नाही.

“आट दिवस,” ती म्हणाली.

“व्हय.”

मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क तिचा होता, आणि ती रडत नव्हती. मी म्हणालो, “दादाला मीच सांगतो आज. तुम्ही काय पण शिक्षा...”

तिने डोळे उघडले. “ह्यास्नी सांगू नका.”

“का?”

“ह्यास्नी पोरगं ऱ्हायलं न्हाई,” ती म्हणाली. “भाऊ तर असू दे.”

दादा शहाळं घेऊन आला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, “हे कोण तुमचे?” दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. “माझा भाऊ, मावशी. ह्याच्यामुळं बायको वाचली माझी. हा नसता तर आमाला कळलंच नसतं.” म्हातारीने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, “व्हय.”

मग ती कोपरावर उठली, दादाच्या हातातलं शहाळं घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“सकाळधरनं उपाशी हाय त्यो,” ती दादाला म्हणाली. आठ वर्षांत तिने पहिल्यांदाच माझा एकेरीत उल्लेख केला होता. “आदी त्याला पिऊ दे.”

मी प्यालो.